भातखंड्यांचे दप्तर आणि एक खानदेशी ग्रंथ

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे संगीताच्या विद्यार्थ्यास ग्रंथकार म्हणून परिचित असतात. ग्वाल्हेर व लखनौ येथील संगीत विद्यालयांच्या इतिहासात त्यांचे नाव संघटक म्हणून येते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र त्यांच्या ग्रंथांपेक्षा त्यांचे खाजगी कागद अधिक मोलाचे वाटावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची कारणे येथे मांडावयाची आहेत, आणि ती मांडताना दृष्टी खानदेशाकडे ठेवावयाची आहे. वाळकेश्वरास जन्मलेल्या, मुंबईतच वाढलेल्या व वकिली केलेल्या ह्या गृहस्थाचा तापीखोऱ्याशी संबंध काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे एका संस्कृत ग्रंथाच्या निमित्ताने येणार आहे.

भातखंड्यांचे दप्तर म्हणजे काय ते प्रथम सांगितले पाहिजे. त्यात सर्वांत महत्त्वाच्या आहेत त्या प्रवासाच्या दैनंदिन्या. १९०४ साली ते दक्षिणेत गेले. १९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयानगरम् व हैदराबाद असा फेरा त्यांनी केला. १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर ही शहरे पाहिली. ह्या प्रवासांत कोणाची गाठ पडली, काय विचारले, काय उत्तर मिळाले, याचे तपशील त्यांनी मराठीत लिहून ठेवले. दुसरा भाग स्वरलिपीच्या टिपणांचा, म्हणजे निरनिराळ्या गवयांकडून ऐकून उतरून घेतलेल्या चिजांचा. तिसरा भाग संस्कृत संगीतग्रंथांच्या नकलांचा. चौथा पत्रव्यवहाराचा, त्यात लखनौच्या विद्यालयासंबंधी राय उमानाथ बली यांना लिहिलेली पत्रे विशेष उल्लेखनीय होत. यांपैकी काही साहित्य निरनिराळ्या वाटांनी प्रकाशात आले आहे. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात प्रवासांचा वृत्तांत दिला. दक्षिणेच्या प्रवासाची दैनंदिनी हिंदी अनुवादाच्या रूपाने ग्रंथबद्ध झाली. जानकी बाखले यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात ह्या दैनंदिन्यांचा व पत्रांचा चिकित्सक उपयोग केला. मराठीत लिहिलेले हे साधन अन्य भाषांतून अधिक वाचले गेले, ही गोष्ट मराठी विद्यापीठांतील इतिहास-विभागांनी थोडी मनास लावून घेण्याजोगी आहे.

आता खानदेशाकडे वळू. यावल ज्या रस्त्यावर वसले आहे तोच रस्ता पूर्वेस फैजपूर, सावदा, रावेर ओलांडून बऱ्हाणपुरास जातो. आजच्या प्रांतरचनेमुळे बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात पडले असले तरी फारुकी राजवटीत ते खानदेशाची राजधानी होते, आणि १६०१ मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडल्यानंतरही खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण तेच राहिले. ह्या फारुकी घराण्याच्या आश्रयास सोळाव्या शतकात कर्नाटकातून एक पंडित आला. त्याचे नाव पुंडरीक विठ्ठल. शिवगंगेच्या डोंगराजवळील सातनूर हे आपले गाव असल्याचे तो स्वतःच सांगतो. खानदेशात असताना त्याने 'सद्रागचंद्रोदय' हा ग्रंथ रचला. पुढे तो उत्तरेत कछवाह राजपुत्र माधवसिंह व मानसिंह यांच्या आश्रयास गेला व तेथे त्याने 'रागमंजरी' लिहिली; त्याच्या 'रागमाला' ग्रंथाचा शक १४९८, म्हणजे इसवी सन १५७६ असा पडतो. 'नर्तननिर्णय' हा नृत्यावरचा ग्रंथ तर अकबराच्या नावाशी जोडलेला आहे. कर्नाटक, खानदेश, राजपुताना, मोगल दरबार असा हा एका विद्वानाचा प्रवास आहे, आणि 'सद्रागचंद्रोदय' हा ग्रंथ त्यातील खानदेशच्या मुक्कामाचा आहे.

ह्या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, दक्षिणेत प्रचलित असलेली मेलांची कल्पना व वीणेच्या पडद्यांवर स्वर निश्चित करण्याची रीत पुंडरीकाने उत्तरेकडील रागांना लावून पाहिली. मेल म्हणजे सप्तकातील स्वरांचा एक ठराविक संच. त्यातून राग उत्पन्न होतात अशी कल्पना. पुंडरीकाने असे एकोणीस मेल मानले. ह्याच्या उलट 'रागमाले'त त्याने राग, रागिणी व पुत्र अशी कौटुंबिक रचना स्वीकारली, आणि 'रागमंजरी'त पारसीक रागांची स्थानिक रागांशी सांगड घातली. एकाच लेखकाने आश्रयदाता बदलला तशी मांडणीही बदलली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. खानदेश त्या काळी दक्षिण व उत्तर यांमधील उंबरठा होता, आणि दक्षिणेची मापे घेऊन उत्तरेचे गाणे मोजण्याचा हा उद्योग उंबरठ्यावरच व्हावा, यात आश्चर्य नाही.

येथे खानदेशच्या इतिहासाच्या दृष्टीने एक कूट उभे राहते. पुंडरीक आपल्या आश्रयदात्याचे नाव बुऱ्हाणखान असे देतो व त्यास फारुकी वंशातील म्हणतो. परंतु फारुकींच्या रूढ वंशावळीत १५३७ ते १५६६ मीरान मुबारक, १५६६ ते १५७६ मीरान मुहंमद, त्यानंतर अल्पकाळ हसन, आणि १५७६ पासून १५९७ पर्यंत राजा अलीखान अशी नावे येतात. ह्या अवधीत बुऱ्हाणखान नावाचा सुलतान गादीवर दिसत नाही. यावरून पुंडरीकाचा आश्रयदाता प्रत्यक्ष सुलतान नसून त्या कुळातील एखादा जहागीरदार किंवा राजपुत्र असावा, असे अनुमान करणे सयुक्तिक वाटते. अनुमान खरे मानले तर त्याचा अर्थ असा की, सोळाव्या शतकाच्या मध्यास खानदेशात राजधानीच्या सिंहासनाखेरीजही संस्कृत पंडितास पोसण्याइतके ऐश्वर्य व रुची असलेली दुय्यम घराणी होती. फारसी तवारिखा मुख्यतः गादी, वेढे व खंडणी यांविषयी बोलतात. ह्या दुय्यम घराण्यांविषयी त्या मौन पाळतात. राजकीय इतिहासाचा एक दुवा अशा रीतीने संगीतग्रंथाच्या प्रस्तावनेत सापडतो. आमच्या विद्यार्थ्यांनी संगीतग्रंथ 'आपला विषय नव्हे' म्हणून बाजूस सारू नयेत याचे हे एक कारण पुरेसे आहे.

हा ग्रंथ विसाव्या शतकातील वाचकांपुढे आला तो भातखंड्यांच्या उद्योगामुळे. जुने ग्रंथ मिळवावे, नकलून घ्यावे, छापावे, असा क्रम त्यांनी अनेक वर्षे चालविला. पुंडरीकाचे ग्रंथ, रामामात्याचा 'स्वरमेलकलानिधि', व्यंकटमखीची 'चतुर्दण्डिप्रकाशिका', भावभट्टाचे ग्रंथ, ही सारी त्या खटपटीची फळे होत. भावभट्ट बिकानेरच्या अनूपसिंहाच्या पदरी होता. हा अनूपसिंह औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमांत वावरलेला सरदार. हस्तलिखिते जमविण्याचा त्यास छंद होता व त्याचा संग्रह अनूप संस्कृत ग्रंथालय ह्या नावाने प्रसिद्ध आहे. दक्षिणेतील मोहिमांस जाणाऱ्या उत्तरेकडील सरदारांचा राबता बऱ्हाणपुरावरूनच असे. भातखंडे १९०८ मध्ये बिकानेरास गेले ते ह्या ग्रंथांच्या ओढीने. मुंबईहून अलाहाबादेस जाणारा लोहमार्ग भुसावळ व बऱ्हाणपूर ह्या स्थानकांवरूनच जातो, ही गोष्ट खानदेशी वाचकास सहज आठवेल. पण ह्या योगायोगास इतिहासात फारसे मोल नाही.

मोल आहे ते दुसऱ्या एका साम्यास. पुंडरीकाच्या ग्रंथरचनेचे कारण असे सांगितले जाते की, उत्तरेकडील संगीतात गोंधळ माजला होता आणि बुऱ्हाणखानाने तो निस्तरण्याची आज्ञा त्यास केली. हर्बर्ट पॉपली यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात हाच वृत्तांत दिला आहे. पुढे जयपूरच्या सवाई प्रतापसिंहाने अठराव्या शतकाच्या अखेरीस जाणकार एकत्र बोलावून 'संगीतसार' सिद्ध करविला, त्याच्या मुळाशीही हीच तक्रार होती. महंमद रझा यांनी १८१३ मध्ये 'नगमाते आसफी' लिहून जुनी रागरागिणी-व्यवस्था टाकाऊ ठरविली, कारण तेच. आणि भातखंड्यांच्या साऱ्या लेखनाचा पाया हाच आहे की, शास्त्र व व्यवहार यांची फारकत झाली आहे आणि ती मिटविली पाहिजे. तीन शतकांहून अधिक काळ प्रत्येक व्यवस्थाकार आपल्या काळातील संगीत बिघडलेले आहे असे म्हणतो, तेव्हा इतिहासकाराने थोडे सावध व्हावे. गोंधळ ही व्यवस्थाकाराची गरज असते. गोंधळ नसेल तर त्याच्या ग्रंथास प्रयोजन उरत नाही. तेव्हा विचारावयाचा प्रश्न असा की, ज्यास ते गोंधळ म्हणतात तो प्रत्यक्षात काय होता? पुंडरीकाच्या बाबतीत ह्या प्रश्नाचे उत्तर मिळण्याचा मार्ग नाही, कारण त्याचा ग्रंथ राहिला, टिपणे राहिली नाहीत. भातखंड्यांच्या बाबतीत मात्र ग्रंथही आहे आणि टिपणेही आहेत. त्यांच्या दप्तराचे खरे मोल येथे आहे. छापील ग्रंथात जो गोंधळ म्हणून वर्णिला जातो, तोच दैनंदिनीत माणसांच्या रूपाने भेटतो. अमुक शहरातील अमुक गवई हा राग असा गातो, त्याचा गुरू अमका, त्याच्या मते निषाद कोमल. दुसऱ्या शहरातील दुसरा तसे मानीत नाही. हा गोंधळ नव्हे, ही वस्ती आहे.

दैनंदिन्यांची लेखनपद्धती ध्यानात घेण्यासारखी आहे. भातखंडे १८८७ मध्ये एल्‌एल्. बी. झाले व काही वर्षे त्यांनी वकिली केली. वकिली सुटली तरी वकिलाची सवय सुटली नाही. प्रवासास निघताना ते प्रश्नांची यादी बरोबर नेत. रत्नाकरातील शुद्ध स्वर कोणता, श्रुती किती व कशा मोजावयाच्या, ग्राम-मूर्च्छना आज कोठे दिसतात, असे ते प्रश्न. समोरच्या विद्वानास बोलते करावयाचे, त्याचे विधान पक्के करून घ्यावयाचे, मग ग्रंथातील वचन पुढे करून त्यास अडवावयाचे, हा क्रम साक्षीदाराच्या उलटतपासणीचा आहे. १९०४ मध्ये एट्टयपुरम् येथे सुब्बराम दीक्षितांसारख्या अधिकारी पुरुषाची भेट झाली. त्याच वर्षी दीक्षितांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ छापून निघाला होता. व्यंकटमखीच्या बहात्तर मेलांच्या योजनेचा जो ठसा पुढे भातखंड्यांच्या दहा थाटांवर उमटला, त्याचा उगम ह्या प्रवासात आहे. १९०७ मध्ये कलकत्त्यास राजा सौरींद्रमोहन टागोर यांची व हैदराबादेस आप्पा तुलसी ह्या संस्कृतज्ञांची भेट झाली.

ह्या भेटींचे छापील ग्रंथात काय झाले ते पाहावे. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' ह्या चार भागांच्या मराठी ग्रंथाचा पहिला भाग १९१० चा व चौथा १९३२ चा. त्याची रचना गुरुशिष्य-संवादाची आहे. गुरू मधूनमधून प्रवासातील हकीकती सांगतो. परंतु नावे बहुधा गाळलेली असतात. 'एका शहरी एक पंडित भेटले', 'एक खाँसाहेब म्हणाले', अशा धर्तीने कथा चालते. नावे गाळण्यात सौजन्य होते यात शंका नाही, कारण ज्यांचा उल्लेख होता त्यांपैकी अनेक हयात होते व हकीकत पुष्कळदा त्यांच्या अज्ञानाची होती. परंतु त्यामुळे साक्षीपुरावा साक्षीदारावेगळा झाला. दैनंदिनी हाती असेल तरच तो पुन्हा जुळविता येतो.

याहून विचित्र प्रकार प्रमाणग्रंथांच्या बाबतीत आढळतो. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ १९१० मध्ये 'चतुर पंडित' ह्या नावाने निघाला. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' ही 'विष्णुशर्मा' ह्या नावाने आली आणि तिच्यात चतुर पंडिताची वचने आधार म्हणून उद्धृत झाली. चतुर पंडित व विष्णुशर्मा हे दोघेही भातखंडेच. आप्पा तुलसींनी रचलेले संस्कृत ग्रंथही पुढे ह्याच पद्धतीत रागलक्षणास आधार म्हणून उभे केलेले दिसतात. ते ग्रंथ समकालीनाचे होते, प्राचीन नव्हते. ह्यात फसवणूक होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. लक्षण श्लोकबद्ध असले की ते विद्यार्थ्याच्या तोंडी बसते व पंडितांच्या सभेत मान्य होते, हा त्या काळचा व्यवहार होता आणि भातखंड्यांनी तो ओळखला. पण इतिहासकाराने मात्र हे जाणले पाहिजे की, एखाद्या रागाखाली तीन श्लोक दिलेले असले म्हणजे तीन स्वतंत्र पुरावे झाले असे नाही. मराठ्यांच्या इतिहासात एकाच मूळ बखरीवरून उतरलेल्या तीन बखरी आपण तीन साक्षी धरीत नाही. तोच न्याय येथेही लावावा.

आता चिजांविषयी. 'क्रमिक पुस्तक मालिका' सहा भागांत निघाली. तिचे शेवटचे भाग भातखंड्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. दीड हजारांहून अधिक धृपदे, ख्याल, तराणे व लक्षणगीते तीत स्वरलिपीसह आहेत. एवढे साहित्य एका माणसाच्या खटपटीने जमावे ही गोष्ट आजही थक्क करते. रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे आली. जयपूरचे महंमद अलीखाँ कोठीवाल यांच्या घराण्यातील चिजा त्यांचे पुत्र आशकअली व अहमदअली यांच्याकडून आल्या, त्यांतील पुष्कळशा फोनोग्राफच्या नळ्यांवर घेतलेल्या होत्या. रामपूर दरबारातून, वजीरखाँ बीनकार व छम्मनसाहेब यांच्या सान्निध्यातून तानसेन-परंपरेतील धृपदे आली. घराण्याची चीज म्हणजे घराण्याची मिळकत. मुलीच्या लग्नात चिजा आंदण दिल्याच्या कथा गवयांच्या घरी सांगितल्या जात. अशी मिळकत बाहेरच्या माणसाच्या वहीत उतरणे ही त्या घराण्यांच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हती.

मालिकेचे पान उघडले म्हणजे चिजेच्या वर राग, ताल व लय यांची नोंद दिसते. चीज कोणाकडून मिळाली ते बहुधा दिसत नाही. एकच चीज दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी गायिली जात असेल तर पुस्तकात तिचे एक रूप येते. पाठ्यपुस्तकाचा तो धर्मच आहे. विद्यार्थ्यास प्रथम एक रूप द्यावे लागते. परंतु पाठ्यपुस्तक हळूहळू प्रमाण झाले, आणि जे गवई त्या रूपाहून निराळे गात ते 'चुकीचे' ठरू लागले. ज्यांच्याकडून चीज घेतली त्यांच्या नातवास परीक्षेच्या खोलीत त्याच चिजेसाठी गुण कमी पडावेत, असा प्रसंग ह्या व्यवस्थेत असंभाव्य नव्हता. म्हणून स्वरलिपीच्या मूळ वह्या व प्रवासाची टिपणे यांचे महत्त्व ऐतिहासिक आहे तितकेच न्यायाचेही आहे. छपाईत पुसल्या गेलेल्या नावांस पुन्हा आपल्या जागी बसविण्याचे ते एकमेव साधन आहे.

भातखंड्यांचा उस्तादांविषयीचा दृष्टिकोन सरळ नव्हता. उस्तादांच्या गळ्यातील विद्येपुढे ते नम्र होत, गंडा बांधून घेत, पैका खर्च करीत. परंतु त्याच उस्तादास ते संस्कृत ग्रंथातील प्रश्न विचारीत आणि उत्तर न मिळाल्यास अज्ञानाची नोंद करीत. बाखले यांनी ह्या दुहेरीपणावर कठोर टीका केली आहे. ती टीका पुष्कळ अंशी योग्य आहे. मात्र दैनंदिन्यांतील संस्कृतज्ञ पंडितांचे चित्र पाहिले तर तेही सौम्य नाही. 'रत्नाकर' पाठ म्हणणाऱ्या पण एकही राग न ओळखणाऱ्या शास्त्र्यांचा त्यांनी तितकाच उपहास केला आहे. दोष असेल तर तो परीक्षेच्या पद्धतीत होता. ज्याचे शास्त्र त्याच्या हातात किंवा गळ्यात आहे त्यास लेखी प्रश्न विचारणे म्हणजे सुताराला भूमितीचा सिद्धांत विचारून त्याने केलेल्या दाराची योग्यता ठरविण्यासारखे आहे. ह्याची जाणीव भातखंड्यांस अजिबात नव्हती असे म्हणवत नाही, कारण शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीचे नाव 'लक्ष्यसंगीत' असे ठेवले. लक्ष्य म्हणजे प्रचारातील, प्रत्यक्ष गायिले जाणारे गाणे. पुस्तक व गळा यांत विरोध आला तर गळा मान्य, हे तत्त्व त्यांनी स्वीकारले; अंमलबजावणीत मात्र कोणाचा गळा, हा निर्णय त्यांनी स्वतःकडे राखला.

संघटक भातखंडे परिषदांच्या वृत्तांतांत व पत्रव्यवहारात दिसतात. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मार्च १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यात भातखंड्यांनी उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचे ऐतिहासिक सिंहावलोकन इंग्रजीत वाचले. तेथेच श्रुतींचा वाद रंगला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुती वाजविणारी पेटी सिद्ध केली होती. तिच्या स्वरांची पारख उदेपूरच्या झाकिरुद्दीनखाँ यांच्या गळ्याशी करण्यात आली व पेटीचा पक्ष टिकला नाही. पुढील परिषदा १९१८ मध्ये दिल्लीस, १९१९ मध्ये काशीस व त्यानंतर लखनौस झाल्या. राष्ट्रीय संगीत अकादमीची कल्पना ह्या परिषदांत वारंवार मांडली गेली, पण ती आकारास आली नाही; संस्थानिकांची आश्वासने व पैसा यांतील अंतर भातखंड्यांस तेव्हा कळून चुकले असावे. तिच्याऐवजी १९२६ मध्ये लखनौस मॅरिस संगीत महाविद्यालय उभे राहिले. तेच २०२२ पासून भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय झाले आहे. उमानाथ बलींस लिहिलेल्या पत्रांत आपणांस अभ्यासक्रम, शिक्षकांच्या नेमणुका व पैशाची ओढाताण दिसते. ग्वाल्हेरास १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांनी विद्यालय काढले तेव्हा राजाभैय्या पूछवाले आदी गवयांनी मुंबईस येऊन ही स्वरलिपी शिकून घेतली, हीही गोष्ट ह्याच व्यवहाराचा भाग होय. सभेतील भाषणांपेक्षा अशा रोजच्या पत्रांतून संस्था कशा चालतात ते अधिक कळते. परंतु हा भाग लखनौच्या अभ्यासकांनी पुष्कळ तपासला आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

खानदेशच्या विद्यार्थ्यास भातखंड्यांच्या दप्तराकडे पाहताना विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दोघे समवयस्क, राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. दोघांची पायपीट एकाच काळातली. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास त्यांचा अंत झाला. त्यांचे दप्तर तेथील राजवाडे संशोधन मंडळाने सांभाळले. एकाने घरोघरच्या माळ्यांवरून कागद मिळविले, दुसऱ्याने घरोघरच्या गळ्यांतून चिजा. परंतु प्रकाशनाच्या बाबतीत दोघांची रीत उलट होती. राजवाड्यांनी पत्र जसे सापडले तसे, मायन्यासह व तारखेसह छापले आणि स्वतःची मते प्रस्तावनेत निराळी मांडली. ती मते आज पुष्कळांस मान्य नाहीत. पण त्यांच्याशी भांडावयास लागणारा पुरावा त्यांनीच आपल्या हाती ठेवला. भातखंड्यांनी पुरावा आटवून त्याचे शास्त्र केले व ते शास्त्र छापले. त्यामुळे त्यांच्याशी भांडावयाचे तर त्यांच्या दप्तराचाच आश्रय घ्यावा लागतो. राजवाड्यांची रीत भातखंड्यांच्या कागदांना लावावी, असे म्हणावेसे वाटते. मूळ मराठी दैनंदिन्या अक्षरशः, खाडाखोडीसह छापाव्या; प्रत्येक नावाची ओळख तळटीपेत द्यावी; 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'तील अनामिक प्रसंग व दैनंदिनीतील नामनिर्दिष्ट प्रसंग समोरासमोर ठेवावे; आणि एखाद्या व्यक्तीविषयीचा कडवट शेरा सोयीसाठी गाळू नये. हे काम एकट्या संगीतज्ञाचे नव्हे. त्यास मोडी व जुनी हस्ताक्षरे वाचण्याची सवय असलेला, तारीख ताडून पाहणारा इतिहासाचा विद्यार्थी हवा.

तोवर आपल्या अंगणातही करण्याजोगे काम आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमविलेली रामदासी बाडे आहेत. अशा बाडांतील पदांच्या डोक्यावर रागाचे व पुष्कळदा तालाचे नाव लिहिलेले असते. आजवर ही नावे भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासकांनी ओलांडून पुढची पदे वाचली. बाडाचा काळ व लेखनस्थळ ठरवून, कोणत्या शतकात कोणत्या मठात कोणत्या रागांची नावे येतात याची कोष्टके केली, तर पुंडरीकाच्या एकोणीस मेलांतील रागनामांशी ती ताडून पाहता येतील. कोणती नावे फारुकींच्या खानदेशापासून पुढे कीर्तनात टिकली, कोणती गळाली, कोणती नवी आली, हे त्यावरून दिसू लागेल. पद लिहून घेणाऱ्या रामदाशास कोणतीही व्यवस्था सिद्ध करावयाची नव्हती. त्याने राग लिहिला तो केवळ पुढच्या गाणाऱ्यास चाल कळावी म्हणून.